पहिल्या हाकेला

टॅनर्स बेंड वाचनालय
३० सप्टेंबर २०२२

प्रिय अर्नेस्टीन,

काल गुरुवारच्या बैठकीत तुमची खुर्ची रिकामी राहिली. पहिल्या गुरुवारी तुम्ही आलात, कोट न काढताच बसलात आणि कॉफी झाल्या झाल्या निघालात, तेव्हा वाटलं काही काम असेल. काल मात्र आम्ही सगळे दाराकडेच बघत होतो.

दुसऱ्या गावांत वर्णभेद समजून घ्यायचं हे एकवीस धड्यांचं आव्हान एकवीस दिवसांत उरकतात. आपण आठवड्याला तीन घेतोय, म्हणजे वाचून विचार करायला सवड मिळेल. बाकीच्यांना धडे संगणकावर जातात. तुमचे मी टपालाने पाठवते आहे, चार ते सहा. चौथा घरांबद्दल आहे, म्हणजे नदीकाठची घरं कुणाला मिळाली आणि कुणाला नाही. पाचवा शाळांबद्दल. सहावा माझा आवडता: आपण नकळत, हसत हसत दुसऱ्याचे जे लहान लहान अपमान करतो त्यांच्याबद्दल.

खरं सांगू? मंडळात आम्ही बहुतेक गोरे आहोत. टेकडीवरच्या वस्तीतून तुम्ही तिघंच आलात. तुम्हीही नसाल तर आम्ही एकमेकांना शाबासकी देऊन घरी जाऊ. गाडी पाठवू का? मीच येते न्यायला, सांगा फक्त.

तुमची,
ब्रिजेट


टेकडी रस्ता
४ ऑक्टोबर

मिस नोलन यांस,

पत्र आणि धडे पोचले. तिकीट वाकडं लावलं होतं. जन्म टपालकचेरीच्या खिडकीमागे गेल्यामुळे माझी नजर आधी तिकिटावर जाते, राग मानू नये.

गाडी नको. गुडघा धरतो, तोही नेमका गुरुवारी. शुक्रवारी सकाळी सोडतो. शिवाय तुमच्याकडची ती कॉफी मी वैऱ्यालाही पाजणार नाही, आणि या वयात वैरी तरी कुठे उरलेत.

अभ्यास मात्र सोडलेला नाही. घरांचा धडा मला वाचायची गरज नव्हती, पण वाचला. तुमच्या लोकांनी एवढं मोकळेपणी लिहिलंय हे पाहून बरं वाटलं. सहावा धडा दोनदा वाचला. चांगला आहे. त्यात एक गोष्ट राहून गेलीय, ती तुमची तुम्हालाच सापडली तर जास्त बरं.

पुढचे धडे पाठवावेत.

आपली,
मिसेस रेमंड टॉलिव्हर


वाचनालय
८ ऑक्टोबर

प्रिय अर्नेस्टीन,

कॉफीचं यंत्र बदललं! तुमच्यासाठी हात असलेली, गादीची खुर्चीही आणून ठेवलीय. आता बोला.

राहून गेलेली गोष्ट काय असेल याचा मी खूप विचार केला. वॉल्टर काही बोलला का? पहिल्या दिवशी तो तुमच्या शेजारी बसला होता. माणूस वाईट नाही, पण दातांचा डॉक्टर होता ना, समोरच्याने तोंड उघडलं की याला वाटतं आता आपणच बोलायचं. म्हणून तर मी पहिल्याच दिवशी नियम केला की इथे कुणी डॉक्टर नाही, कुणी न्यायाधीश नाही, स्टिकरवर फक्त पहिलं नाव, सगळे सारखे. तुम्ही तुमचा स्टिकर टेबलावर उलटा ठेवून गेलात, तो मी जपून ठेवलाय. त्यावरचं सूर्यफूल मी स्वतः काढलं होतं.

आता एक गुपित फोडते. शेवटच्या दिवशीपर्यंत सांगायचं नाही असं ठरलं होतं, पण मला राहवत नाही. आव्हानाची आठवण म्हणून वाचनालयातल्या मुलांच्या कोपऱ्याला आम्ही तुमच्या आईचं नाव देतोय! दारावर मोठी पाटी लागणार: 'लॉटीचा कोपरा'. कल्पना माझ्या आजीची. डॉट आजी लहानपणी रोज दुपारी इथे यायची, तेव्हा तुमची आई इथली झाडलोट करायची. आजी सांगते, लॉटीच्या खिशात कायम पुदिन्याच्या गोळ्या असायच्या आणि ती मुलांना पुस्तकांच्या कपाटांमागे गुपचूप द्यायची. बिचारीला ऐकायला थोडं कमी यायचं म्हणे, एका हाकेत कधी वळायची नाही, दोनदा हाक मारावी लागायची. अख्ख्या गावाचा जीव होता लॉटीवर. आजीच्या वयाच्या कुणालाही विचारा.

पाटी रंगवायला गेलीसुद्धा. झाडू आणि गोळ्यांची पुडी, दोन्ही आहे तिच्यावर. खूश आहात ना?

तुमची,
ब्रिजेट


टेकडी रस्ता
१२ ऑक्टोबर

मिस नोलन यांस,

पाटीचं काम थांबवावं. कारण लिहीन, पण आज नाही.

मिसेस टॉलिव्हर


वाचनालय
१४ ऑक्टोबर

प्रिय अर्नेस्टीन,

रंगाऱ्याला थांबवलं. अक्षरं रंगवून झाली होती, झाडू बाकी होता.

मी काय केलं ते मला कळत नाहीय. झाडू नको होता का? पुस्तक काढूया का हातात? की कोपरा फारच लहान वाटला? मी तुमच्या चर्चच्या पाद्रीबाबांना फोन केला. ते म्हणाले, "पोरी, हे मला नाही, त्यांनाच विचार. आणि विचारलंस की मग गप्प बस." म्हणून विचारते आणि गप्प बसते.

ब्रिजेट


टेकडी रस्ता
२० ऑक्टोबर

मिस नोलन यांस,

तुम्ही गप्प बसलात, ते चांगलं केलंत. आता ऐका.

माझ्या आईचे कान इतके तिखट होते की रस्त्यापलीकडच्या घरी दूध उतू गेलेलं तिला इथे कळायचं. मी आणि माझा भाऊ पांघरुणात कुजबुजायचो, तर ती स्वयंपाकघरातून उत्तर द्यायची. तिला कमी ऐकू येत नव्हतं. पहिल्या हाकेला ती वळायची नाही, कारण ते तिचं नाव नव्हतं.

लॉटी तिच्या आधीची बाई. ती लग्न करून डेट्रॉइटला गेली. आई पहिल्या दिवशी कामावर गेली तेव्हा त्या वेळच्या ग्रंथपालबाई म्हणाल्या, "आम्हाला लॉटी म्हणायची सवय झालीय, तेच चालू ठेवू, सगळ्यांनाच सोपं." संपलं. नाव काय, हेही कुणी विचारलं नाही. आईने रात्री वडिलांना हे सांगितलं आणि हसायला लागली. म्हणाली, "बरंच झालं. माझं मी घरीच ठेवून गेले होते."

त्यानंतर ती रोज संध्याकाळी यायची, कामाचा एप्रन खिळ्याला अडकवायची आणि म्हणायची, "लॉटी लटकली, आता बोला." आम्हाला त्याचं फार हसू यायचं. तिला खरंच हसू येत होतं का, हे मला ती गेल्यावर सुचलं. विचारायला पाहिजे होतं.

तुम्ही तरुण आहात म्हणून सांगते. तेव्हा या गावात गोरी बाई 'मिसेस' होती, अगदी नुकतं लग्न झालेली पोरसुद्धा. आमच्यातली बाई म्हातारी होऊन मेली तरी पहिल्या नावाचीच. पाच वर्षांचं पोर तिला नावाने हाक मारायचं आणि तिने त्याला 'मिस' आणि 'मास्टर' म्हणायचं. गावच्या वर्तमानपत्रात गोऱ्या बायकांच्या नावाआधी मिसेस छापत, आमच्या नुसतीच नावं. म्हणून आमच्यात लोक युक्त्या करायचे. माझ्या वडिलांनी मुलाचं नावच 'मेजर' ठेवलं, म्हणजे हाक मारणाऱ्याला मान द्यावाच लागेल. तो सैन्यात गेला, तेव्हा साध्या शिपायाला मेजर म्हणताना त्याच्या सार्जंटचा जीव अर्धा व्हायचा. आणि आईची युक्ती अशी, की पहिलं नाव सांगायचंच नाही. दुकानात नाही, दवाखान्यात नाही, कुठेच नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. सांगितलंच नाही, तर ते वापरणार कसे? चर्चमध्ये ती 'सिस्टर गेन्स', शेजारी 'मिसेस गेन्स'. पहिलं नाव घरातल्या चौघांपुरतं होतं.

आता तुमचा नियम. डॉक्टरने डॉक्टर म्हणवून घेणं सोडलं, न्यायाधीशाने न्यायाधीश सोडलं, छान. त्यांच्याकडे होतं, म्हणून सोडता आलं. गुरुवारी सोडलं, शुक्रवारी परत मिळालं. आम्हाला जे 'मिसेस' मिळवायला दोन पिढ्या लागल्या ते तुम्ही दारातच, सूर्यफूल काढून, माझ्या कोटावरून उतरवलंत. तुम्ही ते प्रेमाने केलंत, हे मला कळतं. तुमची आजीही आईला प्रेमानेच हाक मारायची. गावाचा जीव होता, हेही खरं असेल. पण तो लॉटीवर होता, आणि लॉटी डेट्रॉइटला होती.

त्या दिवशी मी बोलू शकले असते. पण ब्याऐंशीव्या वर्षी, तुमच्या नव्या कोऱ्या उत्साहासमोर, मला आता शिकवायचा कंटाळा आला. म्हणून गुडघ्यावर ढकललं. गुडघ्याची मी माफी मागितली आहे.

ती पाटी लावली, तर आई कायमची लॉटी होईल. एवढंच माझं म्हणणं.

आपली,
मिसेस रेमंड टॉलिव्हर


वाचनालय
२७ ऑक्टोबर

प्रिय मिसेस टॉलिव्हर,

चार वेळा लिहायला घेतलं आणि चारही वेळा ते माफीचं भाषण झालं, म्हणून फाडलं. तुम्हाला माझं भाषण नकोय, पाटी बदललेली हवीय. तर पाटीबद्दल लिहिते.

वाचनालयाच्या समितीत तुमचं पत्र वाचून दाखवलं नाही, ते मला आलेलं होतं. मी एवढंच सांगितलं की त्यांचं नाव लॉटी नव्हतं. सगळे एकदम बोलायला लागले. एक जण म्हणाला, "पण सगळे तिला त्याच नावाने ओळखतात, मिसेस गेन्स म्हटलं तर कळणार कुणाला?" दुसरी म्हणाली, "दोन्ही घालू. मिसेस गेन्स, आणि कंसात लॉटी." वॉल्टरने या वेळी तोंड उघडलं ते बरं झालं. म्हणाला, "कंसात कशाला? चुकीचा दात उपटला, तर बिलात तो कंसात लिहू का?" हसले सगळे, पण अजून नक्की काही ठरलेलं नाही. त्यांना पाटीवर पूर्ण नाव हवंय. पहिलं नाव काय होतं, ते तुम्हाला विचारून सांग म्हणाले.

डॉट आजीला मी घरी जाऊन सांगितलं. ती आधी रागावली. म्हणाली, "आम्ही कधी वाईट वागलो नाही तिच्याशी!" जेवताना तिने काटा खाली ठेवला आणि म्हणाली, "म्हणजे ती ऐकत होती. दोन्ही हाका ऐकत होती." मग जेवली नाही.

बैठकीचा नियम मी बदलला. स्टिकर कोरे ठेवलेत. ज्याला जी हाक हवी, ती त्याने स्वतः लिहायची.

तुमची,
ब्रिजेट नोलन


टेकडी रस्ता
३१ ऑक्टोबर

मिस नोलन यांस,

तिकीट सरळ होतं.

पाटीवर 'मिसेस गेन्स' लिहा. कंस नको. दुधाची तहान ताकावर भागवायची आम्हाला सवय आहे, पण या खेपेला नको. पहिलं नावही नको. तिने आयुष्यभर जे गावाला दिलं नाही, ते ती गेल्यावर मी भिंतीवर टांगू? पलीकडे गेल्यावर मला तिला तोंड दाखवायचंय. कळणार कुणाला, असं विचारतात ना? ज्यांना कळणार नाही, त्यांनी विचारावं. विचारायची सवय होऊ दे गावाला.

गोळ्यांची पुडी राहू द्या. ती खरी होती. झाडू काढा.

समितीला हे मान्य असेल तर शेवटच्या गुरुवारी येईन. नसेल तर गुडघा आहेच.

मिसेस टॉलिव्हर


टेकडी रस्ता
१३ नोव्हेंबर

मिस नोलन यांस,

गुरुवारी गर्दीत नीट बोलता आलं नाही, म्हणून लिहिते.

पाटी तुम्ही स्वतः पुसून रंगवलीत, हे मला वॉल्टरनी, म्हणजे डॉक्टर पिकरिंगनी सांगितलं. जुनी अक्षरं वर येत राहिली म्हणून तीनदा पांढरा हात दिलात म्हणे. तुमच्या नखांत रंग होता, तो मी पाहिला होता. 'मिसेस गेन्स' मधला 'न्स' जरा उतरता झालाय. राहू दे. पाटी सुंदर आहे. मी एकटीने तिच्याखाली उभं राहून ती तीन-चारदा वाचली, तुम्ही केक कापत होतात तेव्हा.

तुमच्या आजी चाकाच्या खुर्चीतून माझ्यापर्यंत आल्या. मी मनात चार उत्तरं तयार ठेवली होती, एकाहून एक झोंबणारी. त्या म्हणाल्या, "मिसेस टॉलिव्हर, तुमच्या आईच्या गोळ्या मी फार खाल्ल्या." एवढंच. माझी चारही उत्तरं फुकट गेली. मी म्हटलं, "आमच्या वाटणीच्याही तुम्हीच खाल्ल्यात, आम्हाला ती दात किडतील म्हणायची." मग दोघी हसलो, आणि त्यांनी माझा हात बराच वेळ सोडला नाही. मीही सोडवला नाही.

आता कामाचं. आईचं पहिलं नाव जाणणारी माणसं चार होती. वडील गेले. मेजर गेला. माझी धाकटी बहीण परवाच्या उन्हाळ्यात गेली. मी उरले. घरी आल्यावर पाटीचा विचार करत बसले, आणि लक्षात आलं की मी गेले की ते नाव जगात कुणाच्याच तोंडी राहणार नाही. इतकी वर्षं मला वाटत होतं की मी ते सांभाळते आहे. सांभाळता सांभाळता मी ते माझ्याबरोबर पुरणार आहे, हे कधी सुचलं नव्हतं. मग मला झोप लागेना.

मला मूलबाळ नाही. चर्चमध्ये भाच्या-पुतण्यांसारखी पुष्कळ आहेत, त्यांच्यातल्या एकीला सांगायचं ठरवलंय. आणि दुसऱ्या तुम्ही. का, ते मला नीट सांगता येणार नाही. तुम्ही विचारलंत आणि गप्प बसलात, बहुधा म्हणून.

कागदावर लिहिणार नाही. कागद इकडचा तिकडे होतो, हे टपालवाल्या बाईला कुणी सांगायला नको. शनिवारी दुपारी या. रताळ्याचं गोड सारण भरून 'पाय' भाजते आहे. कानात सांगेन. ते पाटीवर जाणार नाही, भाषणात जाणार नाही, आणि उगाच हळवं होऊन कुणाच्या बाळाला ठेवायचं नाही. नुसतं माहीत असू द्यायचं.

माझ्या नावाचं म्हणाल, तर पहिल्या तीन पत्रांत ते तुम्ही भरपूर वापरलंत. नाताळनंतर बघू.

आपली,
मिसेस टॉलिव्हर


वाचनालय
२१ नोव्हेंबर

प्रिय मिसेस टॉलिव्हर,

'पाय'चं ताट धुऊन ठेवलंय, बुधवारी आणून देते. रिकामं परत करायचं नसतं असं आई सांगायची, म्हणून आत सफरचंदं असतील. कौतुक करू नका, बाजारातली आहेत.

शनिवारी तुम्ही सांगितलंत तेव्हा मी काहीच बोलले नाही, ते उद्धटपणाने नव्हे. बोलले असते तर रडले असते, आणि तुम्ही म्हणाला असतात, "'पाय'वर मीठ नको." गाडीत बसल्यावर मी काचा वर केल्या आणि ते नाव एकदाच मोठ्याने म्हटलं. किती छान नाव आहे, मिसेस टॉलिव्हर. मला वाटलं होतं त्याहून कितीतरी हसरं आहे.

नाताळनंतर काय बघायचं ते तुमचं तुम्ही बघा. मला आता मिसेस टॉलिव्हर म्हणायची गोडी लागलीय.

काल डॉट आजीकडे गेले होते. तिची तब्येत तुम्ही पाहिलीच आहे, हिवाळा निघेल की नाही सांगवत नाही. मी तुमच्याकडे कशाला आले होते, हे तिने ओळखलं. मला जवळ बोलावलं आणि म्हणाली, "मलाही सांग गं. मी कुणाला सांगणार आता? कितीशा दिवसांचं आहे माझं?"

तुम्हाला माहीत आहे, मी तिला कशालाच नाही म्हणत नाही. माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. मी म्हटलं, "आजी, ते माझं नाही गं तुला द्यायला."

तिने मान खिडकीकडे वळवली. मला वाटलं, रुसली. मग म्हणाली, "बरोबर आहे. ती कपाटामागे रोज भेटायची. तेव्हा विचारायचं होतं मी."

तुमची,
ब्रिजेट नोलन